सिमेंटशिवाय हाळ: फलटणच्या रानातलं जुनं काँक्रीट

9 नोव्हेंबर 2024

विहिरीजवळची जनावरांची हाळ यंदाच्या पावसाळ्यानंतर पार गेली. आजोबांनी घडीव दगडात बांधलेली, मधे कधीतरी कुणीतरी सिमेंटनं डागडुजी केलेली. ती डागडुजी आता निघाली आणि निघताना दगडाचा पापुद्राही सोबत घेऊन आली. सकाळी भरलेलं पाणी दुपारी गायब. काकांचं म्हणणं सरळ आहे, "आठ पोती सिमेंट आण, दोन दिवसांत मोकळे." मी सिव्हिलवाली. पुण्यात आठवडाभर तेच करते. शनिवार-रविवारी पुन्हा तेच करायचं जिवावर येतं.

गेल्या महिन्यात, 21 ऑक्टोबरला, जोसेफ ॲस्पडिनच्या पेटंटला 200 वर्षं झाली. इंग्लंडमधल्या लीड्सचा हा गवंडी. 1824 मध्ये त्यानं आपल्या भुकटीला 'पोर्टलंड सिमेंट' असं नाव दिलं, का तर ती घट्ट झाली की तिकडच्याच पोर्टलंड बेटावरच्या नावाजलेल्या इमारती दगडासारखी दिसते. तेव्हा मी नियम केला: त्या तारखेच्या आधी कुणाला माहीत होतं ते सगळं चालेल, नंतरचं काही नाही. ट्रॅक्टर, हातमोजे आणि चष्मा तेवढे सोडून.

माप: आतून 5 फूट लांब, 2 फूट रुंद, दीड फूट खोल. भिंती आणि तळ 9 इंच. माल साधारण 36 घनफूट. काकांना गुढीपाडव्याचा वायदा दिला.

10 नोव्हेंबर

बाजारातून 40 किलो कळीचा (न विझवलेला) चुना आणला, 500 रुपये. गावाबाहेरच्या वीटभट्टीवरून सुरखीसाठी, म्हणजे भाजलेल्या मातीच्या भुकटीसाठी, चार पाट्या चुरा फुकट मिळाला.

फुकटचं पुढे बघू. सुरखी कशाला, ते सांगून ठेवते. नुसता चुना आणि वाळू हवेत घट्ट होतात, पाण्यात नाही. रोमन लोकांना नेपल्सजवळच्या पुत्सुओलीची ज्वालामुखीची राख सापडली. ती चुन्यात घातली की माल पाण्याखालीही दगड होतो. इसवी सनापूर्वी 25 च्या सुमारास लिहिणारा रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस समुद्रातल्या कामाला दोन भाग राख, एक भाग चुना सांगतो. आणि जिथं राख नाही, फक्त नदीची नाहीतर समुद्राची वाळू आहे, तिथं भाजलेल्या खापरांचा चाळलेला चुरा तिसरा हिस्सा घाला, म्हणतो. ती खापरं म्हणजेच आपली सुरखी. फलटणला बसल्या बसल्या इटलीची राख कुठून आणू? हेरोद राजानं आजच्या इस्राएलमधल्या कैसरियाच्या बंदरासाठी ती नेपल्सच्या आखातातून जहाजानं मागवली होती, पण तो राजा होता.

16 नोव्हेंबर

गोळ्यांची चाचणी. ही रीत जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याची. इंग्लंडच्या दक्षिणेला भर समुद्रातल्या एडिस्टन खडकावर त्याला दीपगृह बांधायचं होतं (1756 ते 1759). भरतीच्या वेळी खडक पाण्याखाली जायचा, त्यामुळे चुना लवकर आणि ओला असतानाच घट्ट होणं भाग होतं. तो दोन इंचांचे गोळे वळायचा, बोट रुतेनासं झालं की पाण्यात टाकायचा आणि बघत बसायचा. ना यंत्र, ना प्रयोगशाळा.

मी चार गोळे केले. दोन चुना-वाळूचे, दोन चुना-सुरखीचे. रात्रभर ओल्या फडक्यात ठेवले.

17 नोव्हेंबर

चारही गोळे बादलीत टाकल्यावर तासाभरात पिठलं. चुना-वाळूचे विरघळणारच होते, सुरखीचेही विरघळले. काका लांबून बघत होते, काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

23 नोव्हेंबर

दोन चुका होत्या, दोन्ही माझ्याच.

पहिली चुन्याची. पोत्यातला चुना खडे कमी आणि पीठ जास्त होता. ते पीठ म्हणजे हवेतल्या ओलाव्यानं आधीच मेलेला चुना. कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की तो फुसफुसून तापला पाहिजे, वाफ आली पाहिजे. माझा जेमतेम कोमट झाला होता आणि मी 'चालतंय' म्हटलं. घेताना दुकानातच मूठभर खड्यांवर पाणी टाकून बघा. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

दुसरी सुरखीची. वीटभट्टीवर फुकट मिळतो तो चुरा खंगर विटांचा, म्हणजे जास्त भाजून काचेसारख्या झालेल्या विटांचा. तो चुन्याशी सलगी करत नाही, वाळूसारखा नुसता पडून राहतो. सुरखीला कमी भाजलेली माती लागते.

आज दुसरीकडून 50 किलो चांगला कळीचा चुना आणला, 600 रुपये. खड्ड्यात प्लास्टिक अंथरून विझवला. एक थेंब चष्म्यावर उडाला. चष्मा नसता तर ही नोंद दवाखान्यातून लिहिली असती. चष्मा, मोजे मिळून 450 रुपये गेले, त्यांचं काही वाटत नाही. वरती चार बोटं पाणी ठेवून खड्डा झाकला. रोमन लेखक प्लिनी लिहितो, जुन्या रोमन कायद्यानुसार ठेकेदारानं तीन वर्षांपेक्षा कमी मुरलेला चुना वापरायचा नाही. आमच्याकडे तीन महिने आहेत.

30 नोव्हेंबर

आप्पांची गाठ पडली. पंचाहत्तरीचे गवंडी, तरुणपणी वाड्यांच्या गच्च्यांवर चुन्याचा कोबा केलेले शेवटचेच कुणी. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, बाजारचा चुना कशापायी? तुमच्या वढ्याला चुनखडी हाय की."

खरंच होती. ओढ्याच्या काठावर काळ्या मातीखाली पांढुरके, गाठीगाठीचे खडे. लहानपणी आम्ही ते मारामारीला वापरायचो. आमच्या रानाला चुनखडीचं रान म्हणून ऊसवाले नाक मुरडतात, तेच हे.

स्मीटनची दुसरी युक्ती इथं लागू पडली. कुठल्या दगडाचा चुना पाण्यात घट्ट होतो हे कळायला तो दगड आम्लात विरघळवून तळाला काय उरतं ते बघायचा. वेल्समधल्या अबरथॉच्या दगडात चिकणमाती उरली आणि त्याच दगडाचा चुना पाण्यात टिकत होता. त्याआधीची दोन हजार वर्षं सगळे शुभ्र, शुद्ध, कठीण दगडाचा चुना चांगला म्हणत होते. खुद्द विट्रुव्हियससुद्धा. दगडातला मळच कामाचा निघाला.

मी फरशी धुवायचं आम्ल वापरलं (उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून). 100 ग्रॅम चुनखडीतून 22 ग्रॅम गाळ उरला, बोटांना चिकट. आनंद झाला. ट्रॅक्टरच्या दोन खेपांत 250 किलो खडे गोळा केले. डिझेल 600 रुपये.

7 डिसेंबर

भट्टी पहिली. पत्र्याचं पिंप, खाली भोकं, आत गोवऱ्या आणि खडे यांचे थर. 700 रुपयांच्या गोवऱ्या. धूर एवढा की शेजारच्या रानातून माणूस पळत आला. संध्याकाळी खडे फोडले, वरून पांढरे, आतून कच्चे. तपासायची सोपी रीत: भाजलेल्या खड्याच्या आतल्या बाजूला आम्लाचा थेंब टाका. फसफसला तर कच्चा आहे. सगळे फसफसले.

8 डिसेंबर

भट्टी दुसरी. गोवऱ्या फक्त पेटवायला, थर कोळशाचे. खडे फोडून सुपारीएवढे केले, काल मुठीएवढे होते, तीच मोठी चूक. आप्पांनी भोकं वाऱ्याच्या दिशेला वळवली. रात्रभर लाल. सकाळी खडे हलके, खणखणीत, थेंबाला गप्प.

वजन केलं: 10 किलोचे 6.7 किलो झाले. विट्रुव्हियस म्हणतो, चुनखडक भाजला की आकार तोच राहतो पण वजन तिसऱ्या हिश्श्यानं घटतं. त्याला वाटलं आतलं पाणी उडून जातं. उडतो तो वायू, पण त्याचा तराजू खोटा बोलत नव्हता. उरलेल्या भट्ट्या महिनाभर लागतील तशा लावल्या. कोळसा एकूण 60 किलो, 2400 रुपये.

14 डिसेंबर

सुरखीसाठी तीन जिन्नस जमवले: वीटभट्टीचा तो खंगर, गोठ्यावरची फुटकी मंगलोरी कौलं, आणि पडक्या घरावरची कुंभारी नळीची कौलं. दळणार कुठं? मिरची कांडपवाल्यानं कौलं बघून हात जोडले. शेवटी एक बंद पडलेलं कांडप सापडलं, मालकानं 350 रुपयांत दिवसभर वापरू दिलं. मिरचीचा जुना वास आणि कौलांची धूळ, दिवसभर शिंका.

पिंपात 20 किलो भाजलेला चुनखडी चुना विझवून पाण्याखाली मुरत ठेवला. प्लिनीचं ऐकून. मनात म्हटलं, जितका मुरेल तितका लोण्यासारखा होईल.

21 डिसेंबर

गरम कालवण. रोमन काँक्रीटमध्ये चुन्याच्या पांढऱ्या गुठळ्या दिसतात. बरीच वर्षं त्या आळशी कालवण्याची खूण समजल्या जायच्या. 2023 मध्ये अमेरिकेच्या एमआयटीतल्या ॲडमिर मॅसिक यांच्या गटानं दाखवलं की कळीचा चुना न विझवता थेट राखेत कालवला की अशा गुठळ्या राहतात, आणि पुढे भेग पडली, पाणी शिरलं की त्याच गुठळ्या विरघळून भेग भरतात. वर्तमानपत्रांनी 'हरवलेलं रहस्य सापडलं' म्हणून छापलं.

मी एक घमेलंभर करून पाहिलं. प्लास्टिकचं घमेलं होतं, वाकडं झालं. लोखंडी घ्या. लादी सुरेख पडली, दुसऱ्या दिवशी टणक. चौथ्या दिवशी काकूंचा फोन आला, "अगं, तुझी लादी फुटाण्यासारखी फुटतेय." मोठे खडे उशिरा विझले आणि फुगून बाहेर आले. खडे बारीक केल्याशिवाय हा नाद करू नये. हाळीसाठी मी तो सोडूनच दिला. जनावरांच्या पाण्याला रहस्य नको.

4 जानेवारी 2025

पिंप उघडलं. फावडं टाकलं तर ठण्ण.

वरचं पाणी तसंच, खाली करडा दगड. वीस किलो चुना आणि 900 रुपयांचं पिंप, दोन्ही आता एकच वस्तू. घणानंही निघत नाही. काकांनी ते बांधावर हद्दीचा दगड म्हणून रोवायला सांगितलंय.

आप्पा आले, वाकून बघितलं, आणि मला अपेक्षित होतं तेवढंही हसले नाहीत. म्हणाले, "ह्यो चुना भिजत घालायचा नसतो, ताई. आज भिजवला का आज संपवायचा. बाजारचा ल्हान पोरावानी, किती बी वेळ खेळवा. ह्यो म्हातारा, बसला का बसला."

मी पुस्तक बरोबर वाचलं होतं, दगड चुकीचा घेतला होता. प्लिनीचा कायदा शुद्ध चुन्यासाठी. तो पाण्याखाली कधीच घट्ट होत नाही, म्हणून तर तीन वर्षं मुरवता येतो. मातीमिश्रित चुनखडीचा चुना पाण्याखालीच घट्ट होतो आणि मला तोच गुण हवा होता. हवा असलेला गुण पिंपात दिसल्यावर मात्र रडू आलं. रोमन रस्ता आणि स्मीटनचा रस्ता हे दोन वेगळे रस्ते आहेत, हे मला आठ आठवड्यांनी आणि एका पिंपानं कळलं. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी बाकीच्या नोंदी सोडल्या तरी ही वाचा.

खड्ड्यातला बाजारचा चुना बघितला. तो खरोखर लोण्यासारखा झालाय.

11 जानेवारी

गोळे पुन्हा. या वेळी पाच:
1. मुरलेला चुना आणि वाळू
2. मुरलेला चुना आणि मंगलोरी कौलांची सुरखी
3. मुरलेला चुना आणि कुंभारी कौलांची सुरखी
4. चुनखडी चुना (ताजा) आणि वाळू
5. चुनखडी चुना आणि कुंभारी सुरखी, समसमान

पाचवा स्मीटनच्या मिश्रणासारखा. त्यानं अबरथॉचा चुना आणि इटलीच्या चिवितावेक्कियाहून आलेली राख निम्मी-निम्मी घेतली होती. दोन्ही रस्ते एकाच घमेल्यात.

बोटानं दाबून 'घट्ट वाटतं' म्हणण्यात अर्थ नाही, तेव्हा सुई केली. ही कल्पना लुई व्हिका या फ्रेंच अभियंत्याची. फ्रान्समध्ये सुयाक गावी दोर्दोन्य नदीवर पूल बांधता बांधता त्यानं चुन्यात चिकणमाती मुद्दाम मिसळून भाजली आणि पाण्यात टिकणारा चुना हवा तिथं तयार करून दाखवला. 1818 मध्ये ते छापलं. त्याच्या नावाची सुई सिमेंटच्या प्रयोगशाळेत आजही लागते. कॉलेजात मी ती शंभरदा वापरली आणि व्हिका कोण हे एकदाही विचारलं नाही. माझी सुई काकूंची विणकामाची, डोक्यावर 300 ग्रॅमचं वजन बांधलेलं.

18 जानेवारी

सात दिवसांनी: पहिला गोळा बादलीत नाहीच, तळाला पांढरा गाळ. दुसरा उभा आहे पण अंगठा रुततो. तिसऱ्यात सुई 3 मिलिमीटर. चौथ्यात दीड. पाचव्यावर नुसती खूण उठते.

मंगलोरी आणि कुंभारी कौलांतला फरक एवढा असेल असं वाटलं नव्हतं. यंत्रावर दाबलेलं, चांगलं भाजलेलं कौल पावसाला भारी, चुन्याला नाही. कुंभाराचं कच्चट कौल छपरावर दोन पावसाळ्यांत फुटतं आणि चुन्यात जाऊन दगड होतं.

ठरलं: अंगाला पाचवं मिश्रण, आतल्या लेपाला तिसरं.

25 जानेवारी

आप्पांची आजपासून रोजंदारी, 900 रुपये. फूटभर भिंतीचा नमुना. फळ्या लावल्या, वीस मिलिमीटर खडी घेतली, माल पातळ कालवला आणि ओतला. पुण्याची सवय. आप्पा बाजूला तंबाखू मळत उभे राहिले.

दोन तासांत फळ्यांच्या फटींतून चुन्याचं पाणी गेलं. संध्याकाळी फळी काढली तर खाली खडीचं पोळं, वर दोन इंच खाली बसलेला लगदा. चुन्याच्या मालाला सिमेंटसारखी घाई नसते, तोवर जड खडी खाली बसते.

मुळात रोमन लोक काँक्रीट ओतायचेच नाहीत. ते रचायचे. ज्या लॅटिन शब्दातून 'सिमेंट' आला तो 'सीमेंटा' म्हणजे भुकटी नव्हेच, फोडलेले दगड. मुठीत मावणारे तुकडे हातानं मालात बसवायचे, थर ठोकायचा, पुढचा थर. विट्रुव्हियस तर नेमकी पाण्याच्या टाकीचीच कृती देतो: पाच भाग खरखरीत स्वच्छ वाळू, दोन भाग जबरी चुना, दगड एका पौंडापेक्षा जड नको (त्यांचा पौंड म्हणजे साधारण 330 ग्रॅम), आणि लोखंडी टोकाच्या लाकडांनी ठोका. हे मी नोव्हेंबरात वाचलं होतं, पानावर खूणसुद्धा आहे. हात तरी पातळ मालाकडेच गेले.

आप्पांनी एकच वाक्य टाकलं, "कोबा वततेत व्हय? कोबा चोपतेत."

1 आणि 2 फेब्रुवारी

तळ. आप्पा आणि दोन बायका, 400 रुपये रोज प्रत्येकी. आप्पांनी माल इतका कोरडा कालवायला लावला की मी दोनदा पाण्याची बादली उचलली आणि दोनदा ओरडा खाल्ला. मुठीत दाबला की गोळा व्हावा, पण हाताला पाणी लागू नये. बेसॉल्टचे मुठीएवढे तुकडे आधी रात्रभर पाण्यात. कोरडा दगड मालातलं पाणी पितो.

तीन थर. प्रत्येक थर आधी धुमसानं, मग लाकडी चोपण्यानं. विट्रुव्हियसनं जमिनीसाठी दहा-दहा माणसांच्या टोळ्या सांगितल्यात, आणि ठोकून झाल्यावर जाडी पाऊण फुटाच्या खाली नको म्हणून. माझे 9 इंच तेवढेच, योगायोगानं. टोळी मात्र चारांची. बायकांनी चोपता चोपता ओव्या धरल्या आणि तेव्हा कुठे ठोके सारखे पडायला लागले. ठोकून ठोकून कोरड्या मालातून वर पाणी झळकतं, ते झळकलं की थांबायचं. हे कुठल्याच पुस्तकात मला दिसलं नव्हतं.

चूक: दुसऱ्या थराआधी जेवायला दीड तास गेलो. पहिल्या थराला साय आली. तारेच्या ब्रशनं खरवडून घेतली, चुन्याचं पाणी मारलं. जोड टिकेल की नाही, कळेल.

8, 9, 15 आणि 16 फेब्रुवारी

भिंती. दिवसाला सहा इंचांच्या वर चढायचं नाही, हा आप्पांचा नियम. वरच्या सहा इंचांत त्यांनी दगडाऐवजी विटांचे तुकडे घातले. "वर जड कशाला?" रोमच्या पँथिऑनचा 43.3 मीटरचा घुमट, इ.स. 126 च्या सुमाराचा, लोखंडाची एक सळी नसलेला, याच हिशेबानं उभा आहे: खाली जड दगड, वर जाताना विटा, माथ्याला प्युमिससारखा हलका दगड. आप्पांना फोटो दाखवला. मधलं आभाळाकडे उघडं भोक त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "पावसाचं काय करत्यात?" पाऊस आत पडतो आणि फरशीतल्या भोकांतून वाहून जातो, म्हटलं. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

16 तारखेला बायका कांदा काढायला गेल्या. मी आणि आप्पांनी शेवटचा थर ओढला. माझ्या हाताला सात फोड. आणि थकल्यावर घाई होते: उत्तरेच्या कोपऱ्यात चोपणी कमी पडली, हे तेव्हाच माहीत होतं.

22 आणि 23 फेब्रुवारी

आतला लेप. तीन महिने मुरलेला चुना, कुंभारी सुरखी चाळून, खडा अजिबात नाही, जाडी एक इंच. रोमन टाक्यांना आतून असाच तांबूस लेप असतो. त्यांच्या टाक्यांत तळ आणि भिंत मिळते तिथं पाव गोलाई काढलेली असते, कारण काटकोनात लेप हमखास सोडतो. मी तशीच गोलाई काढली, बाटलीनं घोटून.

पहिल्या रात्री केसासारख्या भेगा, सगळीकडे. मी हादरले. आप्पांनी नदीचा गुळगुळीत गोटा काढला आणि घोटायला लावलं. ओल असेपर्यंत भेगा मिटतात, दुसऱ्या दिवशी थोड्या येतात, पुन्हा घोटायच्या. गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायचं का, हा वाद अर्धा तास चालला. शेवटी नाही घातलं. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की कशानं काय झालं ते कळत नाही.

15 मार्च

ओलं गोणपाट रोज दोनदा भिजवायचं काम काकांकडे. गेल्या आठवड्यात ते लग्नाला गेले आणि पाणी मारायचं राहिलं. वरच्या काठाची अर्धा सेंटिमीटर भुकटी झाली, नखानं निघते. खरवडून नवा थर दिला. सिमेंटला दोन आठवडे सांभाळलं की पुरतं. या मालाला सहा आठवडे तान्ह्या बाळासारखं ओलं ठेवावं लागतं. काकांना बोलले नाही, सबंध महिना त्यांनीच सांभाळलंय.

29 मार्च

भरली. सकाळी सातला काठोकाठ. संध्याकाळपर्यंत साडेचार इंच खाली. उत्तरेच्या कोपऱ्यात बाहेरून ओल, जिथं चोपणी कमी पडली तिथंच. तिथली गोलाईही बाटली पोचत नाही म्हणून बोटानं उरकली होती. जेवायच्या सुट्टीचा तळातला जोड मात्र कोरडा ठणठणीत.

30 मार्च

पाडवा. गुढी उभी, हाळ रिकामी. वायदा चुकला. कोपरा छिन्नीनं मुठीएवढा खोदला, पाचवं मिश्रण ठासून भरलं, वर लेप, या वेळी गोलाई गोट्यानं.

फोडलेल्या तुकड्यावर हळदीचं पाणी टाकलं. चुना अजून जिवंत असेल तिथं ते लाल होतं, हवेनं घट्ट झाला असेल तिथं नाही. बाहेरचा दोन मिलिमीटर भाग पिवळाच राहिला, आतला सगळा लालभडक, कुंकवासारखा. म्हणजे हवेनं घट्ट होणं अजून नुसतं कातडीपुरतं आहे. आतला माल सुरखीनं आणि मातीनं धरलाय.

12 एप्रिल

पुन्हा भरली. शेजारी बादली ठेवली, उन्हानं किती उडतं ते कळायला. चोवीस तासांत बादली 8 मिलिमीटर, हाळ 11.

13 एप्रिल

बादली 8, हाळ 9. कोपरा कोरडा.

हिशेब, विचारणाऱ्यांसाठी: डिझेल 600, गोवऱ्या 700, कोळसा 2400, चुना दोन्ही वेळचा 1100, कांडप 350, पिंप 900, चष्मा-मोजे 450, आप्पांचे नऊ दिवस 8100, बायकांची मजुरी 4000. एकूण 18,600 रुपये. सिमेंटमध्ये मजुरीसकट 9 हजारांत झालं असतं. पिंप, पहिला चुना आणि गोवऱ्या मिळून 2100 रुपये निव्वळ माझ्या चुकांचे. पाच महिन्यांतले निदान सात आठवडेही.

काकांनी बैल आणला. त्यानं तोंड लावलं, फुरफुरला, मागं सरला. चुन्याचं पाणी. मी पेलाभर काढून हळद टाकली, लाल. रोज उपसून झाडांपासून लांब बांधावर टाकायचं आणि नवं भरायचं ठरलं. काका म्हणाले, रोज हळद ते टाकतील.

26 एप्रिल

फोनवर रोजचा अहवाल: लाल, लाल, तांबूस, तांबूस, केशरी. काल बारावं पाणी. आज मी स्वतः हळद टाकली. पिवळी राहिली.

बैलानं आधी काठ चाटला, मग प्यायला. आप्पा बांधावर त्या पिंपाच्या दगडावर बसले होते.